रदबदली आणि कायदा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आम्हांस व्यापारविषयक चार विचार लिहून देण्याची आज्ञा केली. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. उरलेले सारे शिक्षण धान्याच्या पेढीवर, गादीवर बसून झालेले. विद्वत्तेचा आव आणण्याचा अधिकार आम्हांस नाही. तथापि चार तपांहून अधिक काळ ज्या प्रश्नाशी आमचा रोजचा संबंध आला, त्याविषयी मनात जे साठले आहे ते बंधूंपुढे मांडावे, असे वाटते. प्रश्न असा की, कायदा करणाऱ्यांच्या दारी व्यापाऱ्याने जावे की न जावे, जावे तर कसे जावे, आणि या जाण्यायेण्यावर सरकारने नियम घालावेत काय?

इंग्रजी वृत्तपत्रे या उद्योगाला ‘लॉबिंग’ म्हणतात. सभागृहाबाहेरच्या दालनात सभासदांना गाठून आपले म्हणणे त्यांच्या कानी घालणे, असा त्या शब्दाचा उगम सांगतात. आपल्या मराठीत त्यास ‘रदबदली’ हा जुना व नेटका शब्द आहे. दुसऱ्यासाठी वा स्वतःसाठी शब्द टाकणे म्हणजे रदबदली. तिच्याच शेजारी राहणारा, पण निराळ्या कुळातला दुसरा शब्द म्हणजे ‘वशिला’. रदबदली चारचौघांत करता येते. वशिला पडद्याआड लावावा लागतो. या दोहोंतील भेद ज्याला कळला त्याला आमच्या लेखाचे तात्पर्य कळले, असे म्हणण्यास हरकत नाही.

प्रथम रदबदलीची बाजू मांडतो, कारण तिच्याविषयी सामान्य माणसाच्या मनात उगाच किल्मिष असते. कायदा करणारे लोक सर्वज्ञ नसतात. त्यांनी हरभऱ्याचे पोते कधी उचललेले नसते, की पावसाळ्यात वखारीतल्या डाळीला कीड कशी लागते ते पाहिलेले नसते. ज्याच्यावर कायद्याचा बोजा पडणार त्याने आपली अडचण सांगितली नाही, तर कायदा करणारा अंधारात चाचपडणार.

आपल्या व्यवसायातले ताजे उदाहरण घेऊ. २ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने मूग वगळून सर्व कडधान्यांवर साठ्याची मर्यादा घातली. घाऊक व्यापाऱ्याजवळ सर्व मिळून २०० टन आणि कोणत्याही एका जातीचे १०० टनांहून अधिक धान्य असू नये, असा तो आदेश होता. १०० टन म्हणजे हजार क्विंटल. दहा टनांच्या गाड्या धरल्या तर दहा गाड्या. मोठ्या पेढीला हंगामात हा माल दोन-तीन दिवसांत येतो. घेणाऱ्याचे हात बांधले गेले की बोली उतरते, आणि बोली उतरली की पहिला फटका शेतकऱ्याला बसतो. देशभरच्या डाळ व्यापाऱ्यांनी आणि गिरणीवाल्यांनी निवेदने दिली. १९ जुलै रोजी, म्हणजे अवघ्या सतरा दिवसांत, आदेश बदलला. मर्यादा ५०० टनांची झाली, एका जातीस २०० टनांची मुभा मिळाली, आयातदारांना मर्यादेतून वगळले, आणि आदेश तूर, उडीद, हरभरा व मसूर या चार कडधान्यांपुरताच राहिला. भाव उतरू लागल्यामुळे आणि राज्य सरकारे व संबंधित घटकांकडून म्हणणे आल्यामुळे हा बदल केला, असे सरकारने सांगितले. ही रदबदलीच होती, आणि तिच्यात लाज वाटावी असे काही नव्हते.

दुसरे उदाहरण आपल्या राज्यातले आहे. ५ जून २०२० रोजी निघालेल्या केंद्राच्या अध्यादेशाने मंडीच्या आवाराबाहेरच्या खरेदीवर शुल्क राहिले नाही. आवाराच्या आत मात्र शंभर रुपयांमागे दीड रुपया मंडी शुल्क चालूच होते. एकाच रस्त्याच्या या बाजूला कर आणि त्या बाजूला माफी, अशी ती स्थिती होती. सप्टेंबर २०२० च्या अखेरीस मध्यप्रदेशातल्या मंडी व्यापाऱ्यांनी खरेदी बंद ठेवली. पुढे १४ नोव्हेंबरपासून तीन महिन्यांकरिता शुल्क शंभरास पन्नास पैसे करण्यात आले. बंद पाळावा की न पाळावा याविषयी आमचे मत निराळे आहे, कारण बंदच्या दिवसांत शेतकऱ्याचा माल अडतो आणि हमालाची चूल विझते. पण जे झाले ते उघड्यावर झाले. मागणी काय, करणारे कोण आणि मिळाले किती, हे सर्वांस ठाऊक होते.

त्याच अध्यादेशांचे पुढे सप्टेंबर २०२० मध्ये संसदेने कायदे केले. त्यांचे गुणदोष हा आजचा विषय नव्हे. आपल्यातही त्याविषयी दोन तट होते व आहेत. परंतु एक गोष्ट दोन्ही तटांनी मान्य करावी. ज्यांच्या जीवनावर कायद्याचा परिणाम व्हायचा होता, त्यांना तो होण्यापूर्वी पुरेसे विचारले गेले नाही. जी सुनावणी दालनात व्हावयाची ती दिल्लीच्या सीमेवर, थंडी-वाऱ्यात, वर्षभर झाली. १२ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणीस स्थगिती दिली, आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजी संसदेने ते कायदे मागे घेतले. वस्तुतः २०१४ च्या फेब्रुवारीपासून केंद्र सरकारचे असे धोरण आहे की, विधेयकाचा मसुदा सोप्या भाषेतील टिपणासह निदान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा आणि मग पुढे जावे. पण ते धोरण आहे, कायदा नव्हे; ते पाळले नाही तर जाब विचारण्याची सोय नाही. ज्या घरात पुढचे दार बंद असते तेथे मागच्या दाराची वर्दळ वाढते, हा प्रपंचातला अनुभव राज्यकारभारासही लागू आहे.

आता दुसरी बाजू. रदबदली करणारा बलवान असला आणि ज्याचे नुकसान व्हायचे तो दालनात हजर नसला, म्हणजे काय होते? आपले बऱ्हाणपूर मागांचे गाव. सुताचा भाव येथे भाकरीच्या भावाइतका जिव्हाळ्याचा. म्हणून कापडाचीच गोष्ट सांगतो. गेल्या शतकाच्याही मागच्या शतकात मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी विलायतेच्या पार्लमेंटात असे वजन खर्च केले की, हिंदुस्थानात येणाऱ्या त्यांच्या कापडावरील जकात उठवावी यासाठी सरकार राबू लागले. १८७९ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी आपल्या कौन्सिलातील बहुमत डावलून जाड्याभरड्या कापडावरची जकात काढली. १८८२ साली राहिलेलीही गेली. पुढे तिजोरीत खडखडाट झाला, तेव्हा १८९४ साली जकात पुन्हा बसवावी लागली. पण मँचेस्टरची समजूत काढण्यासाठी हिंदी गिरण्यांच्या मालावरही कर आला, आणि १८९६ साली त्यास शेकडा साडेतीनचे रूप मिळाले. विलायती कापडावर साडेतीन जकात, तर देशी गिरणीच्या कापडावरही साडेतीन कर! ज्या जाड्याभरड्या कापडाशी मँचेस्टरची स्पर्धाच नव्हती, तेही या करातून सुटले नाही. हातमाग तेवढा वाचला. हा कर १९२५ च्या डिसेंबरात थांबला. साडेतीन टक्क्यांचा हा काटा काढण्यास तीस वर्षे लागली, कारण ज्या दालनात तो बसविला गेला तेथे ना गिरणी कामगार होता, ना कापूस पिकविणारा शेतकरी, ना कापड नेसणारी गृहिणी.

येथे आपण व्यापाऱ्यांनी छाती पुढे काढून ‘पाहा, आमच्यावर केवढा अन्याय झाला’ म्हणण्यापूर्वी स्वतःकडेही पाहिले पाहिजे. आपल्या दालनात कोण हजर नसतो? आपण मर्यादा वाढवून मागतो, तेव्हा पाव किलो डाळ सुटी घेणारी बाई तेथे नसते. आपण तोलाई-हमालीच्या दराविषयी बोलतो, तेव्हा हमाल दाराबाहेर पोत्यावर बसलेला असतो. शेजारच्या महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी व हमाल कामगारांचा कायदा झाला. त्यामागे अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालची हमालांची चळवळ होती. त्या काळी अनेक व्यापाऱ्यांना तो कायदा जाचक वाटला. आजही त्याच्या अंमलाविषयी तक्रारी ऐकू येतात, आणि त्या सर्वच खोट्या नाहीत. पण पाठीवर पोते वाहणाऱ्या माणसाला भविष्यनिर्वाह निधी आणि रजेचा पगार मिळू शकतो, ही गोष्ट त्या कायद्याने प्रथम दाखविली. तीही रदबदलीच होती. फक्त ती करणारे खांद्यावर गमछा टाकून आले होते. आपण केली तर निवेदन आणि त्यांनी केली तर दंडेली, असे दोन मापांनी मोजणे धान्याच्या व्यापाऱ्याला तरी शोभत नाही.

रदबदली नासते कोठे? जेथे पैसा व गुप्तता हातात हात घालून येतात तेथे. स्वतंत्र भारताच्या संसदेत हा प्रसंग फार लवकर आला, आणि त्याच्या मुळाशी एक व्यापारी संघटनाच होती, हे आपण विसरू नये. १९५१ साली हंगामी संसदेचे मुंबईचे एक सभासद एच. जी. मुद्गल यांच्याविरुद्ध तक्रार आली की, मुंबईच्या सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून आर्थिक लाभ घेऊन ते तेजीमंदीचे व्यवहार, मुद्रांक शुल्क वगैरे प्रश्नांवर संसदेत तिची बाजू लावून धरीत आहेत. पंतप्रधान पंडित नेहरू यांनी स्वतः ८ जून रोजी चौकशी समितीचा ठराव मांडला. टी. टी. कृष्णम्माचारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हे वर्तन सभागृहाच्या प्रतिष्ठेस बाधक ठरविले. सप्टेंबरात हकालपट्टीचा ठराव चर्चेस आला, तेव्हा मुद्गल यांनी राजीनामा दिला. सभागृहाने मात्र ते हकालपट्टीसच पात्र होते, आणि या राजीनाम्याने त्यांचा अपराध अधिकच वाढला, असे नोंदवून ठेवले.

या प्रकरणाचा विचार करताना आमच्या मनात सभासदापेक्षा त्या व्यापाऱ्यांचा विचार अधिक येतो. त्यांचे गाऱ्हाणे खोटे होते असे कोणी म्हणेल काय? कदाचित मुद्रांक शुल्क खरोखरच जाचक असेल. पण गाऱ्हाण्यासोबत पाकीट गेले, आणि खरे गाऱ्हाणेही बाटले. संसदेने सभासदाला शिक्षा दिली. देणाऱ्यांचे मात्र पुढे फारसे कोणी नाव घेतले नाही. त्या काळी घेणारा तेवढा दोषी, देणारा बिचारा, अशी समजूत होती. आज कायदा तसा नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली जी दुरुस्ती झाली तिने लाच देणे हाच स्वतंत्र गुन्हा झाला, आणि त्यास सात वर्षांपर्यंत कैद सांगितली. कोणी बळजबरीने घेतली असेल, तर सात दिवसांच्या आत पोलिसांत वा तपास यंत्रणेस कळविणाऱ्यास त्यातून सूट आहे. ‘काय करणार, द्यावे लागले’ हे उत्तर आठव्या दिवशी कायद्यापुढे चालत नाही, हे तरुण बंधूंनी ध्यानात ठेवावे.

१९५१ चा धडा संसदेने विसरू नये म्हणून जणू २००५ साली तो पुन्हा गिरवावा लागला. पैसे घेऊन प्रश्न विचारण्याच्या प्रकरणी त्या वर्षी २३ डिसेंबर रोजी अकरा खासदारांची हकालपट्टी झाली. दहा लोकसभेचे, एक राज्यसभेचा. सभागृहातील मतासाठी वा भाषणासाठी लाच घेणाऱ्या सभासदावर खटला चालतो की नाही, हा वादही दीर्घकाळ लोंबकळत होता. ४ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने १९९८ चा जुना निर्णय फिरवून सांगितले की, लाचेला सभासदत्वाचे कवच नाही. त्याआधी १५ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निवडणूक रोख्यांची योजना घटनाबाह्य ठरविली. मोठी देणगी देणाऱ्यास धोरणावर वजन पाडण्याची संधी मिळते, म्हणून राजकीय पक्षास कोण किती देतो हे जाणण्याचा मतदारास हक्क आहे, असा त्या निकालाचा आशय होता. आम्ही कोणत्याही पक्षाचे नाही. सर्वच पक्ष देणग्या घेतात, आणि आपल्यातले अनेक जण त्या देतात. म्हणूनच हा निकाल आपल्याला उद्देशूनही आहे.

आता कोणी विचारील, एवढे सगळे असताना रदबदलीचा निराळा कायदा कशाला? त्याचे उत्तर २०१२ सालच्या एका घटनेत आहे, आणि ती आपल्या सर्वांच्या स्मरणात असेल. किरकोळ व्यापारात परदेशी भांडवल येऊ द्यावे की नाही, यावरून त्या काळी केवढे वादळ उठले होते! २०११ च्या नोव्हेंबरात केंद्राने निर्णय घेतला, डिसेंबरात तो स्थगित केला, आणि २०१२ च्या सप्टेंबरात पुन्हा अमलात आणला. आपण दुकाने बंद ठेवून, मोर्चे काढून विरोध केला. त्याच वर्षी डिसेंबरात बातमी आली की, वॉलमार्ट या अमेरिकन कंपनीने २००८ पासून रदबदलीवर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च केले असून, त्यातील विषयांत भारताच्या बाजारपेठेत प्रवेश हाही एक आहे. संसदेत गदारोळ झाला आणि एका निवृत्त न्यायमूर्तींची चौकशी समिती नेमली गेली. कंपनीचे म्हणणे असे की, हा खर्च अमेरिकेतला, अनेक विषयांवरचा, आणि तिथल्या कायद्यानुसार जाहीर केलेला आहे.

ते म्हणणे खरे मानले तरी एक प्रश्न उरतो. ही गोष्ट आपल्याला कळली कशी? अमेरिकेच्या वहीत नोंद होती म्हणून. तेथे १९४६ पासून रदबदलीचा कायदा आहे. त्यातल्या पळवाटा बुजविण्यास १९९५ साली नवा केला, आणि जॅक अब्रामॉफ नामक दलालाचे प्रकरण गाजल्यावर २००७ साली तो अधिक कडक केला. पैसे घेऊन दुसऱ्याची रदबदली करणाऱ्याने नाव नोंदवावे, कोणासाठी, कोणत्या विषयावर आणि किती रकमेवर काम केले ते दर तीन महिन्यांनी जाहीर करावे, हा त्याचा गाभा. कॅनडाने १९८९ पासून, ब्रिटनने २०१४ च्या कायद्याने अशी नोंदवही सुरू केली. दक्षिण अमेरिकेतील चिली देशाने तर २०१४ च्या कायद्याने हा भार अधिकाऱ्यावर टाकला. कोण भेटले व कशासाठी भेटले, हे त्याने स्वतः प्रसिद्ध करावयाचे. आपल्या देशात असा कायदा आजवर झालेला नाही. २०१३ साली कालिकेश नारायण सिंह देव यांनी लोकसभेत रदबदलीचा तपशील उघड करण्याविषयी खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. परक्याच्या वहीत आपले नाव सापडते, आणि आपल्या घरच्या वहीत ते पानच नाही, असा हा प्रकार आहे.

या कायद्याला विरोध करणारे आपल्यात आहेत, व त्यांचे म्हणणे पोकळ नाही. ते म्हणतात की, एकदा कायदा आला की मोठ्या कंपन्या दहा वकील ठेवून नमुने भरतील, आणि आमचे गावचे मंडळ मात्र एक अर्ज द्यावयाचा तर नोटिसांना उत्तरे देत बसेल. ही भीती रास्त आहे. संघटना करण्याचा आणि आपले म्हणणे मांडण्याचा हक्क घटनेच्या एकोणिसाव्या कलमाने दिला आहे. त्यास परवान्याची अट घालणारा कायदा आम्हांस मान्य होणार नाही. म्हणून कायदा असा असावा की, जो स्वतःचे गाऱ्हाणे स्वतः मांडतो त्यास मोकळीक, आणि जो मोबदला घेऊन दुसऱ्याचे मांडतो त्यास नोंद. अर्ज करणाऱ्यास कागदपत्रांचा भार कमी, भेट देणाऱ्या मंत्र्यास व अधिकाऱ्यास अधिक. दुसरी शंका अशी की, विरोधी निवेदनावर आमचे नाव उघड झाले तर अधिकारी डूख धरील. यावर आमचे उत्तर इतकेच की, उघड नावावर डूख धरणे त्यालाही अवघड जाते; कारण मग त्याचाही हिशेब लोक ठेवतात.

हे सारे लिहिण्याचा अधिकार आम्हांस आहे काय, असा प्रश्न आम्ही स्वतःस विचारला. म्हणून एक गोष्ट येथे कबूल करतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी साठ्याच्या एका आदेशाने आम्ही घाऊक धान्यवाले अडचणीत आलो होतो. एका व्यापारी मंडळाने, त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, निवेदन तयार केले. निवेदन उत्तम होते. आकडे खरे, भाषा नम्र. सोबत पेढीमागे काही रक्कम ‘वरच्या खर्चासाठी’ गोळा केली. कोणी विचारले नाही, आम्हीही विचारले नाही. मुनीमजींनी विचारले, “शेठ, ही रक्कम कोणत्या खात्यावर टाकू?” आम्ही सांगितले, “धर्मादायावर टाका.” सायंकाळी आमचे तीर्थरूप रोजमेळ पाहावयास बसले. त्या ओळीवर त्यांचे बोट थांबले. ते म्हणाले, “धर्मादायाला पावती असते. हिची कुठे आहे?” आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्यांनी ती रक्कम आमच्या जातीच्या उचलीत लिहावयास लावली, आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

पुढे आदेश सौम्य झाला. तो आमच्या निवेदनामुळे झाला की त्या थैलीमुळे, हे आजतागायत आम्हांस कळलेले नाही. कदाचित थैली कोठे पोहोचलीच नसेल, आणि मधल्या कोणीतरी ती आपल्या घरी नेली असेल. कदाचित आमचे आकडे वाचूनच कोण्या प्रामाणिक अधिकाऱ्याने न्याय दिला असेल, आणि आम्ही मात्र तीस वर्षे मनातल्या मनात त्याच्यावर संशय घेत आलो. खऱ्या मागणीवर खोट्या पैशाची काजळी धरली, ती धरलीच.

श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार आपण लहानपणापासून ऐकतो, त्यांत खोटी मापे आणि भेसळ यांच्याच पंक्तीला विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याच्या नियमाचे उल्लंघन, बसविला आहे. शास्त्रकारांना व्यापाऱ्याची नाडी किती अचूक कळली होती! तराजूत अंगठा ठेवणे आणि कायद्याच्या पारड्यात गुपचूप वजन टाकणे, या दोन निराळ्या चोऱ्या नव्हेत. पहिलीने एक गिऱ्हाईक नागवले जाते. दुसरीने सगळा बाजार.

कायदा होईल तेव्हा होईल. दिल्ली दूर आहे, आणि भोपाळही जवळ नाही. पण आपल्या संघास कोणी अडविले आहे? म्हणून येत्या वार्षिक सभेपुढे विचारार्थ तीन सूचना ठेवतो.

पहिली अशी की, संघाच्या नावाने मंत्री, आमदार, खासदार वा अधिकारी यांस जे निवेदन जाईल ते लेखीच जावे, त्याची प्रत कार्यालयातील फळ्यावर लागावी, आणि वर्षाखेरीस सर्व निवेदने या स्मरणिकेत छापावीत. जे निवेदन छापण्यास संकोच वाटतो ते देण्यासही संकोच वाटावा.

दुसरी अशी की, शिष्टमंडळाच्या प्रवासाचा, जेवणाखाण्याचा, वकिलाच्या सल्ल्याचा प्रत्येक रुपया पावतीनिशी हिशेबात यावा. ‘किरकोळ’, ‘वरखर्च’ आणि ‘धर्मादाय’ या शीर्षकांखाली अशी रक्कम कदापि पडू नये. ज्या कामास पावतीविना पैसा लागतो, ते काम संघाने सोडून द्यावे आणि त्याचा तोटा सोसावा. तोटा सोसणे व्यापाऱ्याला नवे नाही.

तिसरी सूचना बंधूंना कदाचित रुचणार नाही, पण आमच्या मते तीच मुख्य आहे. प्रत्येक निवेदनात शेवटचा एक परिच्छेद असा असावा की, आमची मागणी मान्य झाल्यास शेतकऱ्यास, हमालास व गिऱ्हाइकास काय सोसावे लागेल. ते आपणच प्रामाणिकपणे लिहावे. तो परिच्छेद लिहिताना हात अडखळला, तर मागणीतच कोठे तरी खोट आहे असे समजावे. आणि तो निर्भयपणे लिहिता आला, तर त्या निवेदनास कोणत्याही थैलीची गरज पडणार नाही.

आमचे तीर्थरूप आज हयात नाहीत. त्या दिवसाचा रोजमेळ मात्र आम्ही जपून ठेवला आहे. खोडलेली ओळ त्यात अजून वाचता येते. संघाने या सूचना स्वीकाराव्यात की नाही, हे सभेने ठरवावे. न स्वीकारल्यास निदान कारणे द्यावीत, आणि तीही पुढील वर्षीच्या स्मरणिकेत छापावीत, एवढीच आमची उघड उघड रदबदली आहे.